पहाटे पोटा रिकामा हवा

कोंबडी आपलं दुखणं सांगत नाही. कळपात जी दुबळी दिसते तिलाच बाकीच्या टोचतात, म्हणून आजार लपवणं तिच्या रक्तातच असतं. दाण्यांवर उगाच चोच मारत ती दिवस काढते आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा मान आखडून, पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली असते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. मात्र तिच्या अंगावर एक जागा अशी आहे जिथे तिला फारसं काही लपवता येत नाही. ती म्हणजे तिचा पोटा.

पोटा हा आमच्या घरातला शब्द, उर्दूतून आलेला. मराठी पुस्तकांत त्याला अन्नपिशवी म्हणतात. चिकनच्या दुकानात आपण कलेजी-पेटा मागतो, त्यातला पेटा हा नव्हे. पेटा म्हणजे जाड स्नायूंचा, दाणे दळणारा अवयव. पोटा त्याच्या बराच आधी येतो. मानेखाली, छातीच्या उजव्या अंगाला, अन्ननलिकेलाच फुगवटा येऊन झालेली ती पातळ कातडीची थैली. ज्या भगिनींनी घरी आख्खी कोंबडी साफ केली असेल त्यांना ती माहीत आहे. मानेजवळची दाण्यांनी भरलेली जी पिशवी आपण ओढून टाकून देतो, तीच. भराभर टिपलेलं खाणं आधी तिथे साठतं, ओलं होऊन मऊ पडतं आणि थोडं थोडं पुढे सरकतं. संध्याकाळी ती भरलेली असते, हाताला मऊ लागते. रात्रभरात ती रिकामी होते आणि पहाटे चाचपली तर जवळजवळ लागतच नाही.

तिर्मिझीमध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. अल्लाहवर खरा भरवसा ठेवला तर तो पक्ष्यांना देतो तशी रोजी तुम्हालाही देईल, असा तिचा आशय आहे. पक्षी सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. तवक्कुलवरच्या बयानात ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकली. कोंबड्या घरात आल्यावर कळलं की त्यात पक्ष्याच्या तब्येतीचंही वर्णन आहे. सकाळी रिकामा, संध्याकाळी भरलेला. हे चक्र फिरत असेल तर कोंबडी बरी आहे, आणि सकाळीही पोटा भरलेलाच असेल तर काहीतरी अडलं आहे. फजरला उठणाऱ्या घराला ही तपासणी सोपी जाते. दाणा टाकण्याआधी, अंधारातच, कोंबडी झोपेत सुस्त असते तेव्हा छातीखाली हात घालायचा. अर्धं मिनिट पुरतं.

आमच्याकडच्या कोंबड्या हौसेने विकत आणलेल्या नाहीत. वरळीत आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागे चार हातांचं अंगण. पहाटे चिकनच्या दुकानांना माल पोचवणारे टेम्पो समोरच्या रस्त्याने जातात. प्लास्टिकच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या असतात आणि वळणावर कधीतरी एखादीचं झाकण उघडतं. टेम्पोवाला हाताला लागतील तेवढ्या उचलतो आणि निघतो, कारण पुढची दुकानं थांबलेली असतात. एखादी उभ्या गाडीखाली शिरलेली असते, ती राहून जाते. पहिल्या तिघी अशाच आल्या. दादीने त्या दिवशी दाणा-पाणी दिलं, पण स्पष्ट सांगितलं की या आपल्या नाहीत. सापडलेल्या मालाला शरीयतमध्ये लुक्ता म्हणतात. मालक माहीत असताना तो ठेवून घेता येत नाही. दुसऱ्या पहाटे अब्बा रस्त्यावर उभे राहिले, टेम्पो थांबवला आणि तिघींचे पैसे विचारले. टेम्पोवाला हसला. दोघींचे घेतले आणि म्हणाला, तिसरी लंगडी आहे, ती तुम्हाला सदका. सदका कोणी कोणाला द्यायचा असतो यावर घरात बराच वेळ चर्चा झाली.

त्या पांढऱ्या होत्या. अंड्यांसाठी ठेवतात त्या जातीच्या, ज्यांना लेअर म्हणतात. आपल्या देशात यातली बीव्ही-300 ही पांढरी जात खूप चालते. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. साधारण दीड वर्षानंतर अंडी कमी होऊ लागली की खाद्याचा खर्च परवडत नाही आणि त्या कापायला निघतात. तोपर्यंतचं त्यांचं आयुष्य तारेच्या पिंजऱ्यात गेलेलं असतं. एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा आपल्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. लॉ कमिशनने जुलै 2017 मध्ये आपला 269 वा अहवाल याच विषयावर दिला होता, अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात आणि कशा न्याव्यात यावर. कागद सरकारदरबारी आहे. कोंबड्या आमच्या अंगणात आल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर पिसं नव्हती, तुरा फिका पडून एका बाजूला लोंबत होता आणि चोचीचं टोक कापलेलं होतं. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून पिलू असतानाच ते कापतात.

पोट्याच्या दुखण्याचं मूळ बरंचसं इथेच आहे. गावठी कोंबडी गवताचं पातं चोचीने तोडून, तुकडे करून गिळते. चोच कापलेलीला ते नीट जमत नाही. पातं आख्खंच आत जातं. शिवाय या कोंबडीने जन्मभर फक्त दळलेलं खाद्य खाल्लेलं असतं. गवत काय, सुतळी काय, नायलॉनचा दोरा काय, तिला सगळं सारखंच. पेट्यात दाणे दळायला बारीक खडे लागतात. घरी गावठी कोंबडीचा पेटा चिरला की आतून वाळू-खडे निघतात, हे आपण पाहिलं आहे. दळलेल्या खाद्यावर वाढलेल्या कोंबडीच्या पेट्यात खडे असतीलच असं नाही. अशी कोंबडी मोकळी झाली की पहिल्या दिवसापासून दिसेल ते टिपत सुटते. ज्या हदीसमधले पक्षी सकाळी निघतात आणि संध्याकाळी परततात, त्यातली ही नव्हेच. ही कधी कुठे निघालीच नव्हती.

तिघींना आणल्यावर दादी म्हणाली, तीन दिवस बांधून ठेवा. आमच्या कोकणातल्या घरी जबह करायची कोंबडी आधी तीन दिवस कोंडून चांगला दाणा देत. मोकाट कोंबडी काय काय खाते कोण जाणे, म्हणून. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) असं करत असल्याचं रिवायतींमध्ये आलं आहे. इथे जबह करायची नव्हती, पण रिवाज कामाला आला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की नवी कोंबडी किमान दोन ते तीन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावी. दादीचे तीन दिवस आम्ही वाढवून एकवीस केले. या एकवीस दिवसांत रोज पहाटे हात आणि रोज संध्याकाळी हात. कोणाचा पोटा कसा लागतो हे बोटांना पाठ व्हायला तेवढे दिवस लागतातच. वहीत लिहून ठेवलं तर आणखी बरं.

चौथ्या पहाटे लंगडीचा पोटा रिकामा नव्हता. मोठ्या लिंबाएवढा, कडक, आत कणकेचा गोळा असावा तसा. ही पहिली तऱ्हा, पोटा दाटण्याची. अशा वेळी खाद्य काढून घ्यायचं, बारा तास, फार तर चोवीस तास. पाणी मात्र समोर राहू द्यायचं. तेव्हा रमजान चालू होता आणि धाकटीने विचारलं, आपल्यासारखं पाणीही बंद का नाही? कारण कोंबडीचा हा रोजा नव्हे. आतला गोळा भिजल्याशिवाय फुटत नाही आणि पाण्याशिवाय तो भिजत नाही. कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला लावायचे, ती स्वतः गिळेल तेवढेच. त्यात कधी दोन-चार थेंब खोबरेल. पिचकारीने घशात पाणी सोडायचं नाही. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं आणि घाईने सोडलेलं पाणी तिथून फुप्फुसात जातं. नळी घालून पोट्यात पाणी सोडता येतं, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे.

मग चोळणं. दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन मिनिटं. कोंबडी काखेत, पंख मिटलेले, तोंड पुढे. कणकेचा गोळा आपण मळून मोडतो तसंच करायचं, पण त्याच्या पावपट जोराने. गोळा वर घशाकडे रेटायचा नाही. मऊ पडला की तो आपल्या वाटेने खाली जातो. सुटू लागला की बोटांना आधी कळतं. कडक गोळ्याची कड विरघळते, मग तो दोन भागांत येतो. काही मोबाइलवरच्या चित्रफितींत कोंबडी उलटी धरून पोटा पिळून उलटी करवताना दाखवतात. हे कोणी करू नये. उलटीतलं पाणी त्याच श्वासनळीत उतरतं आणि कोंबडी आपल्या हातातच गुदमरून मरते.

लंगडीचा गोळा चोवीस तासांत हलला नाही, छत्तीस तासांतही नाही. ती पाण्याकडेही जाईना. आम्ही तिला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून टॅक्सीने परळला नेलं. परळचं जनावरांचं हॉस्पिटल जुन्या लोकांना बैलघोडा या नावानेच माहीत आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. गिरणगावातले टांग्याचे घोडे आणि गाडीचे बैल तिथे येत, म्हणून ते नाव. टॅक्सीवाल्याने आधी खोक्याकडे पाहिलं, मग आरशातून आमच्याकडे. दोनशे रुपयांच्या कोंबडीसाठी टॅक्सी? त्याने विचारलं नाही, पण प्रश्न गाडीत होता.

डॉक्टरांनी भूल देऊन पोट्याला लहानसा छेद घेतला. आतून निघालं ते पाहून आम्ही गप्प झालो. पिसं निघाली, मूठभर पिसं, भिजून दोरीसारखी वळलेली, आणि त्यांत गुंतलेला हिरवा नायलॉनचा दोरा. पिंजऱ्यात करायला काही नसलं की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खातात. आमच्या अंगणात ती आली तेव्हाच हे ओझं तिच्या गळ्याशी होतं. चार दिवस वरून दाणे पडत गेले आणि वाट बंद झाली. टाके पडले. आठवडाभर पातळ खाद्य, मग भिजवलेलं लेअरचं खाद्य, मग नेहमीचं. ती जगली, अल्हम्दुलिल्लाह, आणि नंतर पावणेदोन वर्षं आमच्याकडे होती.

दुसरी तऱ्हा पोटा आंबण्याची. ती पावसाळ्यात जास्त दिसते. जून ते सप्टेंबर वरळीत काहीच सुकत नाही. सी-फेसवर लाटा कठड्यावरून आत येतात आणि खारं दमट वारं कपाटापर्यंत पोचतं. खाद्याची पिशवी उघडी राहिली तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो. आम्ही पावसाळ्यात आठवड्यापुरतंच खाद्य आणतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. शिवाय गल्लीतली मुलं. कोंबडी दिसली की मुलाच्या हातातला पाव तिच्याकडे जाणारच, मुलाच्या मनात प्रेमच असतं. पावाचा पोट्यात चिकट लगदा होतो. काहींना वाटतं पावातल्या यीस्टमुळे पोटा आंबतो. तसं नाही, ते यीस्ट भट्टीत मरून गेलेलं असतं. पोट्यात आधीपासूनच थोडी बुरशी असते, कँडिडा नावाची, आणि एरवी तिचा त्रास नसतो. लगदा साचून राहिला, गोड-पिठूळ खाणं मिळालं की ती वाढते. आम्ही फाटकाशी वाटीत बारीक चिरलेली कोथिंबीर ठेवू लागलो. मुलं आता ती घालतात आणि पाव स्वतः खातात.

आंबलेला पोटा कडक नसतो. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा डुचमळतो. चोच उघडली की आंबलेल्या डोशाच्या पिठासारखा, पण किळसवाणा वास येतो. तोंडात पांढरट साय दिसू शकते. पिवळे, खव्यासारखे चट्टे दिसले तर दुखणं वेगळं असू शकतं. कबुतरांकडून पाण्यातून येणारा एक आजार असा दिसतो आणि त्याचं औषध निराळं. मुंबईत कबुतर नाही असं छप्पर नाही, म्हणून कोंबड्यांचं पाणी आम्ही छपराखाली ठेवतो आणि दिवसातून दोनदा बदलतो.

आंबलेल्या पोट्याला चोळू नये. आतलं पाणी वर येऊन श्वासनळीत जातं. खाद्य काढून घ्यावं, स्वच्छ पाणी ठेवावं आणि डॉक्टरांकडून बुरशीचं औषध घ्यावं. निस्टॅटिन हे त्यासाठी वापरलं जाणारं औषध; मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी कुटून देणारे भेटतात. तिने बुरशी मरत नाही, उलट बुरशीला आवरणारे चांगले जंतू मरतात आणि दुखणं वाढतं. जुने कोंबडीवाले पाण्यात मोरचूद घालायला सांगतात. मोरचूद विष आहे आणि कमी-जास्तीचा हिशेब घरच्या चमच्याने होत नाही. दह्याबद्दल विचारलं जातं. कोंबडीला दुधातली साखर पचत नाही. चमचाभर दह्याने बिघडत नसेल, पण ते औषधही नव्हे. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नयेत, शेजारी वाटूही नयेत. हे विशेष लिहितो, कारण आपल्याकडे अंडी वाटायची सवय आहे.

खड्यांचं थोडं. आमच्या शेजारच्या कोळीण मावशी तिसऱ्यांची शिंपलं कुटून देतात. ती अंड्याच्या कवचासाठी उत्तम. एका अंड्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि ते कुठून तरी यायला हवं. पण शिंपलं पोटात विरघळतात, त्याने दळण होत नाही. दळायला न विरघळणारे कठीण खडे लागतात, ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक. म्हणून दोन वाट्या ठेवतो, एकीत शिंपलं, एकीत धुतलेले खडे. किनाऱ्यावरची वाळू आणली तर गोड्या पाण्यात अनेकदा धुवावी. मिठाने कोंबडी मरते. घरातलं उरलेलं खारट कालवण आणि सुकटीचा चुराही त्याच कारणाने नको.

या कोंबड्यांमुळे एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. जुम्म्याला तुमच्याकडे चिकन शिजतं, आणि अंगणातल्या कोंबडीसाठी टॅक्सी करता? विचारणारे कधी थट्टेने विचारतात, कधी खरंच. आमचं उत्तर असं की हलालला हराम म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. प्रेषित (स.) यांना कोंबडीचं मांस खाताना पाहिल्याचं हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलं आहे. पण ज्या दीनने खाण्याची परवानगी दिली त्यानेच सुरी धारदार करायला आणि जनावराला आराम द्यायला सांगितलं. जबहच्या एका क्षणाच्या अदबीवर आपण तासभर चर्चा करतो. त्या क्षणाआधीची दीड वर्षं कोणाच्या हिशेबात? चिकन आम्ही सोडलं नाही. कमी झालं. आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं, आणि तेही शक्यतो अंगणात वाढलेल्या कोंबडीचं, ती महाग पडते म्हणून आपोआपच कमी. ही तडजोड आहे हे आम्हाला माहीत आहे. भाचा म्हणतो, यात तर्क नाही. नसेल.

खरी परीक्षा झाली ती वेगळ्याच कोंबडीच्या वेळी. ती गेल्या हिवाळ्यात आली. पोटा पहाटे अर्धा भरलेला, कडक नाही, डुचमळतही नाही, वासही नाही. खाद्य काढलं, कोमट पाणी दिलं, दोन दिवसांत रिकामा झाला. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पोटा सोडून तिचं पोट चाचपलं. खालचा भाग ताणलेला होता, आत पाणी. अंडं नळीत न उतरता पोटातच पडून सडत होतं; इतकी अंडी देण्यासाठी घडवलेल्या कोंबड्यांना हा आजार खूप होतो. पोटा फक्त खबर देत होता. पोटा पुन्हा पुन्हा अडतो तेव्हा कारण पुढे असतं: जंत, पेट्यात अडकलेली तार, शिशाची विषबाधा, किंवा हे. म्हणून आम्ही आता दुसऱ्या खेपेलाच डॉक्टर गाठतो.

डॉक्टरांनी पाणी काढलं, औषध दिलं आणि सांगितलं की काही आठवडे मिळतील. पाच मिळाले. सहाव्यात ती उभी राहीना, श्वास घेताना चोच उघडू लागली. दादी म्हणाली, जीव आहे तोवर जबह करा, मुरदार होऊ देऊ नका. अम्मीला वाटत होतं तिला आपल्या वेळेने जाऊ द्यावं. मारायला का वाचवली? दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या आणि दोघी रडत होत्या. अब्बांनी मस्जिदच्या इमाम साहेबांना विचारलं. त्यांचं मत असं पडलं की बरी होण्याची आशा नाही आणि तडफड आहे तर धारदार सुरीने जबह करून तिला सोडवण्यात गुनाह नाही; गोश्त खायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले, इतकी औषधं गेली आहेत, मुळीच खाऊ नका. हवं तर मी इंजेक्शनने झोपवतो. वाचकांनी अशा वेळी आपल्या ओळखीच्या आलिमांना विचारावं. आम्ही फक्त आमच्याकडे काय झालं ते लिहितो आहोत.

अब्बांनी सुरी आतल्या खोलीत पाजळली, तिच्या नजरेआड. रात्रीच तिचं खाद्य काढून घेतलं होतं. असर नंतर तिला पाणी दाखवलं, दोन घोट प्यायली. धाकटीने हट्ट धरला की पोटा एकदा चाचपायचा. रिकामा होता. अंगणात तगरीच्या मुळाशी दोन हात खोल खड्डा केला, चुना टाकला. त्या रात्री घरात कोणी चिकनचा विषय काढला नाही, पुढच्या जुम्म्याला मात्र दादीनेच काढला.

एक सावधगिरी लिहायची राहिली. पोट्याचं दुखणं एकीला होतं, लागोपाठ सगळ्यांना होत नाही. दोन-तीन कोंबड्या एकदम सुस्त पडल्या किंवा मेल्या, तुरा निळा पडला, तर चोळत बसू नये. 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झालं ते आपण वाचलं आहे. मेलेल्या कोंबडीला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावं. आणि एरवीही कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवावेत. ज्यांना पाच वेळा वुजू करायचा आहे त्यांना हे काही जड नाही.

सध्या अंगणात दोघी आहेत. त्यातल्या मोठीचा पोटा ढिला पडून लोंबतो. ही तिसरी तऱ्हा. ताणलेली पिशवी पुन्हा आवळत नाही, म्हणून कायम बरी होत नाही, सांभाळावी लागते. थोडं थोडं खाणं चार वेळा द्यायचं, गवत नाही, पाव नाही. दादीने जुन्या सुती ओढणीची झोळी शिवून दिली आहे, पंखांखालून बांधायची, पोटा वर उचलून धरणारी पण गळ्याशी न काचणारी. पहिल्या झोळीत ती मागे मागे चालत राहिली. दुसरी दादीने अर्धा इंच सैल केली. वहीत या आठवड्याची नोंद अशी आहे: सहा पहाटे रिकामा, सातव्या पहाटे अर्धा. आज मगरिबच्या आधी तिचं खाद्य उचललं आहे. पाण्याचं भांडं तिच्याजवळ आहे.